घंगाळात बुडवलेले क्रोकेचे गोळे

आमच्याकडचे तेव्हा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. त्यांच्या साहेबाची मडम मोठी हौशी. कारकुनांच्या बायकांना बंगल्यावर बोलावून क्रोके शिकवायची. म्हणजे काय, तर जमिनीत रोवलेल्या लोखंडी कमानींतून लाकडी गोळा मोगरीनं मारत न्यायचा. उन्हाळ्यात ती थंड हवेला निघाली, तेव्हा सगळा खेळ माझ्या हवाली करून म्हणाली, "गोळा हात बघून द्यायचा. सगळ्यांना एकसारखा नको."

ते निवडणं मला काय आवडायचं म्हणून सांगू! जाऊबाईंचा हात कांडणा-दळणानं तयार झालेला, त्यांना जड गोळा; हलका दिला तर थेट कुंपणापलीकडे. वन्संचं मनगट काडीसारखं, त्यांना हलका. मला आपला मधला.

बंगल्याच्या आवारात आम्ही तिघी चार दिवस खेळलो, पण गोळे कोपरीच्या घरी आणले आणि सासूबाई दारातच आडव्या आल्या.

"साहेबाच्या घरचे ना? मग आधी पाण्यात."

घंगाळात बुडवले ते दुसऱ्या दिवशी काढले आणि रणरणत्या उन्हात वाळत घातले. बाहेरून आलेलं सगळंच त्या धुऊन घ्यायच्या, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी बघते तर दोन गोळे तडकलेले, बाकीचे फुगून कमानीतच अडकायला लागले.

"घ्या! शुद्ध झाले, आता देव्हाऱ्यात बसवा," जाऊबाई म्हणाल्या.

एरवी सासूबाईंनी असं बोलणं खपवून घेतलं नसतं. त्या दिवशी मात्र ताटातला भात तसाच. चुलीपाशी मला हळूच म्हणाल्या, "त्याची नोकरी तर नाही ना गं जायची?"

मडम परत आली तशा त्या माझ्याबरोबर बंगल्यावर आल्या, जन्मात पहिल्यांदा. पायरीखालीच उभ्या राहिल्या. "बाई, मी बुडवले. मुलावर राग धरू नका."

मडम हसतच सुटली. "लाकूडच ते, आजीबाई!" आतून दुसरे गोळे आणवले नि मला म्हणाली, "यांना कुठला?"

मी सगळ्यांत हलका उचलून दिला. त्या दिवशी नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. मोगरी धरली, गोळा मारला, कमानीतून गेलासुद्धा. मडमेनं टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी मान खाली घातली.

वाटेत म्हणाल्या, "रागावली असती तर बरं झालं असतं गं."

घरी येऊन विहिरीवर अंगावर पाणी घेतलं आणि उपास धरला. हौस माझी, आणि उपाशी त्या. जाऊबाई आपल्या विचारताहेत, "पुन्हा कधी जायचं खेळायला?"