संगिनीची आरोळी

लेक फौजेत भरती झाली, पहिल्या रजेवर घरी आली आणि तोंड पाडून बसली. संगिनीच्या परीक्षेत नापास. बंदुकीच्या टोकाला पातं लावून पुतळ्यावर धावून जायचं, आणि जाताना घसा फाडून ओरडायचं. वार बरोबर बसायचा, आवाज मात्र फुटत नव्हता. परत नापास झाली तर मागच्या तुकडीत ढकलणार होते.

माझा भाऊ हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसतो. म्हणाला, "ताई, ड्रोनच्या जमान्यात चाकू-सुरे कसले? नाटकं सगळी."

माझं डोकंच फिरलं. मी चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये आहे. भाजी चिरायचं मशीन आहे तिथं. लाइट गेली की ते ठोंब्यासारखं उभं राहतं आणि आम्ही सगळ्या बाया सुऱ्या शोधतो. "जेवायला आलेल्यांना काय सांगू, ड्रोनची वाट बघा?" म्हटलं.

पोरगी म्हणाली, "मामा, गोळ्या संपतात. खंदकात शत्रू हातभर अंतरावर असतो, नेम धरायला वेळ कुठला? कुठं कुठं तर गोळी चालवायचा हुकूमच नसतो, पण समोरचा अंगावर येतोच. ओरडलं की आपली भीती जाते अन् त्याचे पाय लटपटतात."

हेसुद्धा ती इतकं हळू बोलली, की पंख्याच्या आवाजात निम्मं ऐकू आलं नाही.

ही सवय कुठली ते मला ठाऊक होतं. नवऱ्याची कायम रात्रपाळी, दिवसा झोप, आणि एका खोलीत आमचा संसार. रांगायला लागल्यापासून पोरीनं एकच ऐकलं, 'शूऽऽ, बाबा झोपलेत.' भांडायचं तेही कुजबुजत, रडायचं ते उशीत. मला त्याची लाज नाही. त्या झोपेवर आमची चूल पेटली. पण आता तेच माझ्या लेकीच्या मुळावर आलं होतं, आणि ते मी चालू देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गादी गुंडाळून खिडकीच्या गजाला बांधली आणि झाडूचा दांडा तिच्या हातात दिला. "ओरड."

"आई, बाबा झोपलेत."

"झोपू दे. ओरड!"

ती धावली. दांडा गादीत घुसला, तोंडातून नुसती हवा.

"अगं, मांजर हाकलतेस का?" मी दांडा हिसकावला आणि अशी बोंबलले, की खालची बाई जिन्यात आली. "काय झालं हो वहिनी?"

"लढाई चाललीय. दार लावून घ्या!"

पलंगावर नवरा उठून बसला, डोळे लालभडक. पोरगी घाबरली. "सॉरी बाबा, झोपा तुम्ही."

त्यानं सगळं बघितलं. मग परत आडवा झाला आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. "झोपलो बघ. आता उठवून दाखव."

ती धावली, ओरडली.

"न्हाई आली जाग!" चादरीतून आवाज आला. "परत!"

तिनं दात आवळले, परत धावली. या खेपेला जो आवाज निघाला, त्यानं मी, तिची सख्खी आई, मागं सरकत भिंतीला टेकले.