चढावर आलेला भार

आमच्या बाबांच्या अंगात देवाचा भार यायचा. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो एक तर हात जोडतो नाही तर गालातल्या गालात हसतो, आणि मला दोन्हींचा सारखाच राग येतो. लाटंबार्से गावात डोंगरावर आमचं देवस्थान आहे. जत्रेच्या दिवशी तिथे ढोल वाजायला लागले की बाबांची बोटं आधी थरथरायची, मग मनगटं, मग सगळं अंग. लोक पुढे येऊन आपली गाऱ्हाणी घालायचे आणि बाबा त्यांना उत्तरं द्यायचे. एरवी ते डिचोलीच्या बाजारात टॅक्सी लावून बसायचे आणि गिऱ्हाइकांशी पाऊण तास घासाघीस करायचे.

भाराचे नियम आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. भारात असलेल्या माणसाला अडवायचं नाही, धरायचं नाही, हाक मारायची नाही. मध्येच अडवला तर माणूस हातचा जातो, असं सगळे मानायचे. भार आपणहून उतरतो, आणि उतरल्यावरही थोडा वेळ कुणी चकार शब्द काढायचा नाही. भाराच्या बाबतीत बाबांचा शब्द गावात कुणी मोडल्याचं मी पाहिलं नाही. बाकी सगळ्या बाबतीत आमची आई तो रोज मोडायची, पण ती गेली आणि घरात वाद घालायला मीच उरले.

बाबांची टॅक्सी पोर्तुगीज अमदानीत आलेली जर्मन डिझेल गाडी होती. काळं अंग, पिवळं छप्पर. तिच्यावर त्यांचा आमच्यापेक्षा जास्त जीव होता असं मी म्हणायचे आणि ते नाकारायचे नाहीत. मग एके दिवशी पहाटे दारावर आलेल्या पदेराकडून पावाचे उंडे घ्यायला म्हणून ते अंगणात गेले आणि तिथेच कोसळले. डावी बाजू लुळी पडली. बोलणं शाबूत राहिलं, डोकं शाबूत राहिलं, राग तर कणभरही कमी झाला नाही. फक्त पाय गेला, आणि भार गेला. त्या वर्षीच्या जत्रेला डोंगर चढून जाता येईना. वर ढोल वाजत असताना बाबा घरी जनेलापाशी बसून बाहेर बघत राहिले.

"खुर्चीत बसवून नेतो," गावातले लोक म्हणाले.

"जितो आसताना चार जाणांच्या खांद्यार?" बाबा म्हणाले. "हांव अजून मरूंक ना."

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. देवळाच्या मंडपात नेऊन बसवा, ढोल वाजू द्या, भार परत येईल. एकदाच आला तरी पुरे. ते हे मला म्हणायचे तेव्हा मी त्यांच्या पायाला तेल लावत असायचे, आणि वर बघायचं धाडस मला होत नसे.

देवळापर्यंत कच्चा रस्ता होता, पण चढ असा की आमची म्हातारी गाडी अर्ध्यावर धापा टाकून मागे यायची. दादा, माझा थोरला भाऊ, पाळी गावात खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता. त्याने गाडी तपासली आणि म्हणाला, "तिका स्वास पावना, बाबा. स्वास दिलो जाल्यार चडटली."

तो श्वास म्हणजे टर्बो. खाणीवरच्या मोडीत काढलेल्या एका जनरेटरचा टर्बो त्याने भंगारातून रीतसर मागून आणला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या मेजावर आणून ठेवला. गोगलगायीच्या शंखासारखा दिसणारा लोखंडाचा जड गोळा. मी तो आधी उचलून बाहेर ठेवला आणि मग विचारलं हे काय आहे ते. दादाने सांगितलं, इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराने आतलं एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. म्हणजे जो श्वास वाया जाणार, त्याच्याच जोरावर पुढचा श्वास घ्यायचा. मला ते पटलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, एवढं माझ्या छातीत बसव, गाडीला नको.

तो काळ राजभाषेच्या भांडणाचा होता. मी मराठी शाळेत शिक्षिका. आमच्या घरात बोलणं कोंकणी, आरत्या मराठी आणि शिव्या दोन्हीतल्या. शाळेत मात्र कोंकणीवाले आणि मराठीवाले एकमेकांच्या चहाला हात लावत नव्हते. मी दादाला चिडवायचे, तुमच्या कोंकणीत एका टिंबाने माणूस बदलतो. आयलो म्हणजे तो आला, आयलों म्हणजे मी आलो, आणि नाकात नीट बोललं नाही तर कोण आला ते घरच्यांनी ओळखायचं. दादा म्हणायचा, घरच्यांना ओळखू येतं. पुढे गोवा घटक राज्य झालं तेव्हा लोकांनी फटाके लावले. बाबांना आपल्याला वर कोण नेणार याचीच पडली होती. ते म्हणाले, "राज्य मेळ्ळें. आतां म्हाका डोंगरार कोण व्हरता तें सांग."

आमच्या मागच्या खोलीत गडहिंग्लजकडचा एक वेल्डर भाड्याने राहायचा. खाणीवरच दादाबरोबर कामाला होता. टर्बो बसवायला पाइप जोडायचं काम त्याचं. रविवार आला की दोघे गाडीखाली शिरायचे आणि माझ्या नावाने चहाच्या हाका सुरू व्हायच्या. बाबांची खुर्ची अंगणात आणून ठेवलेली असायची, आणि इंजिनातलं जे स्वतःला कळत नव्हतं ते सगळं बाबा तिथून शिकवायचे.

गाडी सुरुवातीला त्यांच्या तोंडाला पानंच पुसत राहिली. पहिल्यांदा टर्बो फिरेचना. धुराच्या पाइपाचा जोड तापला की तडकायचा आणि सगळा जोर तिथूनच निघून जायचा. "जोड पुन्यांदा उकलला बगा, दादा," वेल्डर गाडीखालून ओरडायचा, आणि बाबा खुर्चीतून म्हणायचे, मी सांगत होतो. त्यांनी काहीही सांगितलेलं नसायचं. जोड टिकला तर हवेची रबरी नळी निसटली. नळी घट्ट बसली तर गाडी इतका काळा धूर ओकायला लागली की माझ्या वाळत घातलेल्या साड्या परत धुवाव्या लागल्या. दादाने डिझेलचा पंप कमी-जास्त करून तेही आवरलं. शेवटी तेलाचं काम राहिलं. टर्बोचा दांडा प्रचंड वेगाने फिरतो, त्याला सतत तेल लागतं. एका नळीने तेल वर जातं, दुसऱ्या नळीने खाली इंजिनात परत येतं. परतीची नळी स्टीअरिंगच्या पेटीला वळसा घालून न्यावी लागली. तिथे ती थोडी खाली लोंबली, तिला पोट आलं. दादाने ते पाहिलं, हाताने चाचपलं, तेल परत येतंय ना याची खात्री केली, आणि बोनेट लावलं.

मुळगावच्या रस्त्यावर चाचणी घेतली. बाबा पुढे, मी आणि वेल्डर मागे. शेतांमधून गाडी नेहमीसारखीच कुरकुरत चालली होती. लहानसा चढ लागला, दादाने पाय दाबला, आधी काहीच झालं नाही, आणि मग बोनेटखालून बारीक शीळ ऐकू आली. ती चढत गेली आणि गाडीने आम्हाला सीटवर मागे ढकललं. बाबांनी उजवा हात डॅशबोर्डवर आपटला.

"आयलो!" ते ओरडले. "आयलो रे, भार आयलो!"

आई गेल्यानंतर ते एवढे हसल्याचं मला आठवत नाही. मग तोच शब्द घरात रुळला. गाडीने जोर धरला की भार आला म्हणायचं. वेल्डरसुद्धा म्हणायला लागला, "आला व्हय भार?" घरी आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, तापलेला टर्बो थंड होईपर्यंत थोडा वेळ चालू ठेवायची, असा दादाचा नियम होता. बाबांना तो फार आवडला. "भार देंवूंक दी," म्हणजे उतरू दे, असं ते म्हणायचे, आणि गाडी बंद होईपर्यंत कुणाला बोलू देत नसत. मी तोंड दाबून हसायचे.

जत्रेचा दिवस आला. बाबांना आंघोळ घातली, सोवळं नेसवलं, कपाळाला गंध लावलं. डोंगराच्या पायथ्याशी लोक बाजूला होऊन उभे राहिले, काहींनी गाडीला नमस्कार केला. वर ढोल सुरू झाले होते. वेल्डर आणि मी मागे बसलो, दादाने पहिला गिअर टाकला आणि आम्ही चढायला लागलो. शीळ आली, बाबांनी हात वर केला, "आयलो!" म्हणाले, आणि ज्या जागेवरून गाडी नेहमी मागे यायची ती जागा मागे पडली. मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड केलं.

शेवटच्या वळणाआधी चढ अगदी उभा आहे. गाडीचं तोंड वर झालं, आणि तेलाच्या परतीच्या नळीच्या पोटात तेल साचून राहिलं. मुळगावच्या लहान चढावर हे कळलं नव्हतं. तेलाला खाली जायला वाट मिळेना, म्हणून ते टर्बोतून हवेच्या वाटेने थेट इंजिनात शिरलं. डिझेल इंजिनाला काय, जळेल ते चालतं. ते स्वतःचंच तेल पिऊन धावायला लागलं. दादाने पाय काढला तरी आवाज चढतच गेला. त्याने गाडी थांबवली, किल्ली फिरवली, काही उपयोग झाला नाही. इंजिन बंद पाडायला वरचा गिअर टाकून ब्रेक दाबला, तर घासलेला क्लच नुसता घसरत राहिला. पांढऱ्या-निळ्या धुरात आम्ही बुडालो. वेल्डरने उतरून चाकामागे दगड लावला. दादाने बोनेट उघडलं. मी डिकीतलं पोतं काढून त्याच्या हातात दिलं.

"हवा बंद करा!" वेल्डर ओरडला. "पोतं कोंबा, दादा, तोंडात पोतं कोंबा!"

दादाने पोतं उचललं. आणि गाडीतून बाबांचा आवाज आला. तो टॅक्सीवाल्या बाबांचा आवाज नव्हता, मंडपातला होता.

"आडावूं नाका! आडावूं नाका रे ताका!"

दादाचा हात थांबला. त्याला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. श्वास कोंडला की इंजिन थांबतं हे त्याला वेल्डरइतकंच माहीत होतं. पण तो आवाज ऐकून थांबायला तो चालायला शिकल्यापासून शिकला होता. त्याने पोतं पुन्हा उचललं तोवर आतून फटका बसला, इंजिनाच्या अंगाला भोक पडलं, आणि काळं तेल लाल मातीवर सांडलं.

मग एकदम शांत झालं आणि वरचे ढोल स्पष्ट ऐकू आले. मी धावत बाबांपाशी गेले. ते समोर बघत बसले होते, ऐकत होते. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. भार बोटांपासून सुरू व्हायचा हे मला माहीत होतं. मी देवाला म्हटलं, इथे ये, एवढ्याशा अंतराने तुझं काय बिघडतंय. ढोल वाजून थांबले. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता, डावा तर होताच तसा. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, घरी चला.

वरून मंडळी खुर्ची घेऊन आली होती. बाबांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांना आम्ही टेंपोत घालून परत आणलं.

दादा त्यांना पुन्हापुन्हा सांगायचा, "पायपाची चूक, बाबा. म्हजी." एकदा मी तेल लावत असताना ते मला म्हणाले, "हांवें तोंड उक्तें करूंक जाय नासलें. ताका सांगूं नाका." आपण ओरडायला नको होतं, असं त्यांचं म्हणणं. मी दादाला सांगितलं नाही. दोघांनी आपापला दोष आपापल्यापाशी घट्ट धरून ठेवला होता आणि मध्ये मी होते. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठीही जीव तुटायचा.

पुढची जत्रा बाबांनी पाहिली नाही. चार जणांनी उचललंच शेवटी.

त्यानंतर दादाने दुसऱ्या एका टॅक्सीचं जुनं इंजिन आणलं आणि पुन्हा गाडीखाली शिरला. मी विचारलं, आता कुणासाठी? तेलाची परतीची नळी त्याने सरळ खाली उतरवली, स्टीअरिंगच्या पेटीच्या दुसऱ्या बाजूने. तेवढंच करायचं होतं. काम झालं तेव्हा मला म्हणाला, बस. मी पुढे बसायला गेले तर म्हणाला, मागे बस.

त्या दिवशी डोंगरावर कुणी नव्हतं. उभ्या चढावर रस्त्यात तेलाचा डाग अजून होता. तिथेच शीळ आली आणि गाडीने जोर धरला. दादाने डावीकडच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"म्हण गो," तो मला म्हणाला.

शब्द तोंडात होता. माझ्याच्याने म्हणवेना.

देवळापुढे आल्यावर त्याने गाडी चालूच ठेवली. टर्बो थंड व्हायला वेळ द्यायचा होता, आणि आम्ही दोघंही बोललो नाही, कारण भार उतरेपर्यंत बोलायचं नव्हतं. मग त्याने किल्ली फिरवली, स्टीअरिंगवर कपाळ टेकलं आणि रडतच म्हणाला, "आयलो, बाबा." त्यात ते टिंब होतं की नव्हतं, तो आला म्हणाला की मी आलो म्हणाला, मला त्या हुंदक्यात ऐकू आलं नाही. घरच्यांना ओळखू येतं म्हणायचा. मला नाही आलं.