मोरचुदातला चमचा

माझे सगळे उपद्व्याप नातवंडांना सांगून झालेत. सासूबाईंच्या तपकिरीत मिरपूड मिसळली ते, मावशीच्या लग्नात जिलब्या पळवल्या ते. त्यांना वाटतं, आजीच्या पोटात काही राहत नाही. राहतं. एक गोष्ट पस्तीस वर्षं राहिली आहे. आमच्या ह्यांना सांगितली नाही, ते तसेच गेले. बहिणीपाशी दोनदा तोंड उघडलं आणि भलतंच बोलले. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला डोंबिवलीत मी दहावीच्या शिकवण्या घ्यायचे. मी, म्हणजे कोण? कॉलेजच्या पहिल्याच वर्षी रसायनशास्त्रात आपटलेली आणि मग मुकाट बी.ए. झालेली बया. पण थाट बघायला हवा होतात! कडक इस्त्रीची साडी आणि डोळ्यांवर चष्मा — नंबर नव्हता हो, विद्वान दिसावं म्हणून साध्या काचा. दारावर पाटी, ‘विज्ञान — खात्रीने’. कसली खात्री? आदल्या दिवशी गाईड घोकायचं आणि दुसऱ्या दिवशी पोरांसमोर ओकायचं.

वनिता खाडीकाठच्या कोळीवाड्यातून यायची. आई बाजारात मासळी घेऊन बसायची. पोरीला ठाण्याला नर्सिंगला जायचं होतं आणि त्याला दहावी पास लागायची. आईने बजावलेलं — एकदाच बसवीन, नापास झालीस तर टोपली.

धडा होता विजेने मुलामा देण्याचा. मी शिकवलं, धन आयन धनाग्राकडे, म्हणजे धन टोकाकडे जातात. धन धनाकडे — कसं छान जुळतं, नाही? गाईडात तसं नव्हतं. मी घाईत वाचलेलं. आणि हौस केवढी! प्रयोगसुद्धा करून दाखवायचा. काचेच्या बरणीत मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं निळं पाणी, बॅटरीचे तीन सेल, तांब्याची तार आणि स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा. चमचा जोडला धन टोकाला. पंधरा पोरं माना वाकवून बघतायत, आता तांबं चढेल, मग चढेल. चमचा ढिम्म.

“सेल उतरलेत,” मी म्हणाले.

वनिता उठून उभी राहिली. “बाई, पाण्यातलं तांबं धन ना? मग ते धन टोकाकडे कसं जाईल? ढकललं नाही का जाणार? तारा उलट करून बघू?”

बघू द्यायला काय हरकत होती? दोन तर तारा! पण मी म्हणाले, “घासाघीस आईच्या टोपलीपाशी करायची. इथे नाही.” सगळे हसले. मागे कुणीतरी नाक दाबलं, तेही मी पाहिलं आणि काही बोलले नाही. वनिता खाली बसली.

पोरं गेल्यावर मी तारा उलट केल्या. चमच्यावर तांबं चढलं. लालसर, चकचकीत — कॉलेजात मला एक प्रयोग धड जमला नव्हता, तो हा जमला! हे ऑफिसातून यायच्या आत मी तो चमचा काथ्याने घासघासून पांढरा केला.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. मग सोमवारी. मग म्हटलं, सराव परीक्षेनंतर. सांगायचं म्हणजे काय? पंधरा जणांसमोर म्हणायचं की कोळणीची पोर बरोबर आणि बाई चूक? उलट वनिताने माझ्या सांगण्यावरून वहीत काढलेल्या चुकीच्या आकृतीखाली मी लाल पेनाने ‘छान’ असं लिहिलं. हो, तेही केलं.

पेपर झाला त्या दिवशी ती धावत आली. “बाई, मुलाम्याची आकृती आलेली! मला मधेच उलटं वाटायला लागलं, पण म्हटलं, बाई कशा चुकतील? तुमचंच लिहिलं.”

विज्ञानात ती दोन गुणांनी गेली. त्या प्रश्नाला चार होते. एवढी वजाबाकी मला येत होती.

पण मी सांगायला बसले ते हेही नाही. एव्हाना तुम्हाला वाटलं असेल, बाई चुकली, घाबरली, गप्प बसली. एवढंच असतं तर मी कधीच हसत हसत सांगून टाकलं असतं.

निकालानंतर मायलेकी घरी आल्या. आई दारातच उभी राहिली, कपड्यांना वास येतो म्हणून आत येईना. म्हणाली, “बाय, तुमी लय मेनत घेतली. आमचे पोरीचंच डोकं कमी. पन ती रडतेय, आक्टोबरला परत बसव म्हनते. बसवू काय? तुमी सांगाल तसं.”

मुलगी एकदाच बसवणार म्हणणारी ती बाई — ती दुसऱ्यांदा बसवायला तयार झाली होती! मी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण माझ्याकडे नापास झालेली पोर ऑक्टोबरला बसणार म्हणजे दुसऱ्या कुणाकडे शिकवणी, म्हणजे तो वही उघडणार, आणि तिथे माझं लाल पेन.

मी चष्मा नीट केला. म्हणाले, “नको. तिला नाही झेपणार.”

वनिता माझ्याकडे बघत राहिली. भर वर्गात उठून उभी राहणारी मुलगी, एक अक्षर बोलली नाही. आई म्हणाली, “बायच्या पाया पड.” ती वाकली. मी आशीर्वाददेखील दिला.

पावसाळा सरेपर्यंत ती टोपली घेऊन बसायला लागली होती. मी त्या बाजारात जायचं सोडलं. दोन वर्षांनी तिचं लग्न झाल्याचं ऐकलं. कुठे दिली, ते मी विचारलं नाही.

तिला झेपलं असतं. दोन काय, वीस गुण जास्त पडले असते. तिच्या आईला ‘नको’ म्हणताना मला ते पक्कं माहीत होतं.