फायटरचं पाणी

बायकोचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, त्याआधीच मुलीनं घरात मासा आणून ठेवला. काचेचं गोल भांडं, त्यात एकच मासा. निळा. शेपटी फेट्याच्या शेमल्यासारखी लोंबती.

"एकटाच?" मी विचारलं.

"एकटाच राहतो आबा तो. फायटर म्हणतात याला. दुसरा नर सोडला तर भांडून मरतात."

"मग बरोबर घरी आणलास."

ती हसली नाही. म्हणाली, "घरात कुणीतरी पाहिजे ना."

"मी आहे की."

मला खरंच नको होता. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मी केलं. पेज भरवली, कूस बदलली, धुतलं-पुसलं. त्याची तक्रार नाही. पण ती गेली त्या दिवशी घरात सगळे रडत होते आणि मी भिंतीला टेकून झोपून गेलो. लोकांनी बघितलं, बोललेही. बोलू द्या. इतका दमलो होतो की रडायलाही अंगात काही उरलं नव्हतं. आता परत कुणाचं औषधपाणी करायची ताकद नव्हती, मग तो बोटाएवढा मासा का असेना.

मुलीनं सगळं समजावून सांगितलं. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे, जास्त नाही. वर झाकण ठेवायचं, पण फट ठेवून, कारण हा उडी मारतो आणि वर येऊन श्वासही घेतो. नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून पाणी एक दिवस साठवून ठेवायचं, मग थोडं जुनं काढून तेवढं नवं घालायचं. आणि आठवड्यातून एक दिवस उपास.

"उपास? कोणत्या वारी?"

"कोणत्याही."

"असा कसा उपास? वार नको?"

शेवटी सोमवार दिला. बायकोचा सोमवार असायचा.

आमच्या घरात साठवलेलं पाणी म्हणजे तांब्याच्या हंड्यातलं. दुसरं कुठलं असणार? बायको तो हंडा रोज चिंच-मिठानं घासायची, लखलखीत, आणि भरून ठेवायची. ती गेल्यावर मीही तेच करत होतो. एकट्याला हंडाभर पाणी लागतं कशाला? निम्मं तुळशीला ओतायचो. मासा आल्यावर वाटलं, चला, उपयोगाला आलं. माणसं पितात ते सगळ्यात चांगलं पाणी त्याला घालत होतो.

सुरुवातीला ऐटीत होता. मी दाढीला बसलो की आरशात स्वतःलाच बघून गालफडं फुगवायचा, शेपटी पसरायचा. म्हटलं, भांड बाबा, भांड. तुझं तुझ्याशीच चाललंय.

मग थंडी पडली. मखमलाबादकडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या दिसायला लागल्या आणि हा तळाशी जाऊन बसला. रंग गेला. शेपटी चिकटून काडीसारखी झाली. दाणे टाकले की वरच तरंगायचे. मला वाटलं, गारठला. भांड्याला गोणपाट गुंडाळलं. आणि आजारी जिवाला निदान स्वच्छ पाणी द्यावं, म्हणून रोज पाणी बदलायला लागलो. बदलावं तसा तो आणखीच पडायला लागला.

दाणा नाकासमोर आला तरी तोंड फिरवायचा. हे मी एकदा बघितलंय. चमचा ओठाला लावला की बायको अशीच मान फिरवायची. दोनदा कशाला बघायचं? त्याला तोंडावर म्हणालो, "मरायचं तर मर एकदाचा."

आणि तसाच उठलो, त्याला दुधाच्या किटलीत घातलं आणि रिक्षानं पंचवटीतल्या मासेवाल्याकडे गेलो.

त्यानं किटलीत डोकावून बघितलं. "पाणी कधी बदलता बाबा?"

"रोज."

"रोज? कशाला?"

"आजारी आहे म्हणून."

"साठवता कशात?"

"तांब्याच्या हंड्यात. चिंच लावून घासतो." मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, तांब्यानं मासा मरतो. विष पाजताय तुम्ही त्याला. त्यात चिंचेनं घासता म्हणजे आणखीच उतरणार पाण्यात."

"आम्ही जन्मभर तेच पितो!"

"तुम्ही मासा आहात का?"

शेजारी कासवाचं खाणं घ्यायला आलेली एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. मी जन्मभर दिंडोरीकडच्या बागांना फवारणी केली. मोरचूद आणि चुना कालवून हात निळे व्हायचे. बागवाले ओरडायचे, पिंप नाल्यात धुवू नका रे, मासे मरतील. मोरचूद तांब्याचाच असतो, हे मला माहीत होतं. पण ती निळी पूड आणि घरातला हंडा एकाच घरचे, हे डोक्यात कधी आलं नाही.

दुसरंच काहीतरी आलं डोक्यात. बायकोला शेवटपर्यंत त्याच हंड्यातलं पाणी मी चमच्या-चमच्यानं पाजलं होतं.

"माणसाला काही होत नाही ना?" मी विचारलं.

"माणसाला काय होतंय? सगळे पितात."

"आजारी माणसाला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "नाय हो बाबा," म्हणाला. पण तो पडला मासेवाला. त्याला काय माहीत?

"वाचेल का हा?"

"सांगता येत नाही. साधं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवा, साबण न लागलेल्या. ह्याला मायेनं मारू नका."

सांगता येत नाही. डॉक्टरही असंच म्हणाले होते.

मुलीचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं. ती म्हणाली, "जाऊ द्या आबा. गेला तर गेला, मी तस्साच दुसरा आणते."

"दुसरा आणलास तर भांड्यासकट परत पाठवीन. हा माझ्या हातानं मरतोय. दुसरा आणून हात बदलणार आहेत का?"

ती हळूच म्हणाली, "आईला तिचा आजार घेऊन गेला आबा. तुमच्या हातांनीच ती तेवढी टिकली."

"मी माशाचं बोलतोय," म्हणालो आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस बादलीतलं पाणी वाटीवाटीनं घालत राहिलो. भांड्याजवळून उठवत नव्हतं, आणि बसूनही कंटाळा यायचा. मग एका सकाळी दाणा नखानं मोडून अर्धा टाकला. तो वर आला. तोंडात घेतला, थुंकला. परत घेतला. या वेळी गिळला.

आनंद-बिनंद काही झाला नाही. गुडघे तेवढे दुखत होते. मुलीला फोन लावला.

"खाल्लं त्यानं."

"किती?"

"अर्धा दाणा."

"अरे वा! बघा, वाचला की नाही?"

"वा काय? शेपटी झडलीय निम्मी."

"येईल परत."

"बघू. पाणी कोमट ठेवायचा हीटर मिळतो म्हणे. येताना घेऊन ये."

"आणि तुम्हाला काय आणू?"

"मला काही नको. लवकर ये. थंडी आहे."