प्लंबिंगच्या मास्तरांचं सिंक

शिकवणाऱ्या माणसाच्या घरी किस्से जरा जास्तच जमतात. आमचे हे गोंदियातल्या एका आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक आहेत. ट्रेड प्लंबर. वीस वर्षं झाली, पोरांना नळजोडणी शिकवून राहिले. आणि यंदा आमच्याच स्वयंपाकघरातलं सिंक खालून गळायला लागलं. तेव्हापासून कॉलनीतल्या बाया भेटल्या की भाजीचा भाव नंतर विचारतात, सिंकचं आधी.

*

पहिल्या दिवशी मी म्हटलं, प्लंबर बोलावू का. हलवायाच्या बायकोनं बाहेरून पेढे मागवायचं काढावं, तसं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत सिंकची सुरेख आकृती तयार झाली: समोरून, वरून, बाजूनं. गळतीच्या जागी लाल बाण. ती फ्रिजवर लावली.

चार दिवस मी भांडी अंगणातल्या नळावर घासली. येता-जाता आकृती पाहत होते. आकृतीतलं सिंक अजिबात गळत नव्हतं.

*

पाचव्या दिवशी प्रॅक्टिकल सुरू झालं. सिंकखालच्या पाइपचा प्लास्टिकचा नट हातानंच आवळायचा असतो, हे मला आता कळलं. ह्यांनी दीड फुटाचा पाना लावला. कट्ट आवाज आला.

काय झालं, मी विचारलं.

"मटेरियल हलकं आहे," हे म्हणाले.

नवीन नट आणला. तोही हलकाच निघाला.

*

त्या रविवारी चौकातल्या हार्डवेअरवाल्याकडे ह्यांच्या चार फेऱ्या झाल्या. एकदा पाइप जाड निघाला, एकदा बारीक. तिसऱ्यांदा बरोबर मिळाला, पण घरी आणून हेच आखूड कापून बसले. दुकानदार मोठा अदबीचा माणूस. चौथ्या वेळी त्यानं हात जोडले, "सर, अब आप सिंक ही यहाँ ले आओ."

ह्यांना तो अपमान वाटला. मला तो अख्ख्या आठवड्यातला पहिला तांत्रिक सल्ला वाटला.

*

मग एका सकाळी ह्यांनी जाहीर केलं, गळती बंद. सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, मला उभं केलं आणि सिंकमध्ये गिलासभर पाणी ओतलं. खाली थेंब पडला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून जरा रुसलेसुद्धा.

त्या भरवशावर मी सिंकखाली चिन्नोर तांदळाचं पोतं ठेवलं, सासूबाईंच्या दवनीवाड्याच्या शेतातलं. संध्याकाळी सगळी भांडी घासली. पोतं तळापासून ओलं.

सासूबाईंनी मूठभर तांदूळ हातात घेतला, पाहिला, परत ठेवला.

"बाबू," त्या म्हणाल्या, "पोरायले तू काय शिकवून रायला रे?"

"थिअरी," हे म्हणाले.

*

दोन दिवसांनी सासूबाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या आणि ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. ओट्याची कड हाती लागली म्हणून वाचल्या. वय अठ्ठ्याहत्तर. कड धरूनच उभ्या राहिल्या. हे दारात चहाचा कप घेऊन उभे, चेहरा पांढरा पडलेला.

मी फोन उचलला. या वेळी ह्यांनी अडवलं नाही.

*

जवळच्या कामठा गावाहून दिलीप नावाचा प्लंबर आला. पस्तिशीचा, हसरा. दारात ह्यांना पाहून थबकला आणि वाकून पाया पडला. "माझा विद्यार्थी," हे मला म्हणाले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ह्यांची छाती फुगली.

दिलीप सिंकखाली शिरला आणि दहा मिनिटांत एक रबरी वायसर हातात घेऊन बाहेर आला.

"सर, हा उलटा कोनं लावलन?"

हे कॅलेंडर पाहू लागले.

त्यानं वायसर सुलटा बसवला, नट हातानंच आवळला, सिंक काठोकाठ भरून पाणी सोडलं. सासूबाईंनी वाकून फरशीवर हात फिरवला. कोरडी.

चहा देताना मी सहज विचारलं, आयटीआय कोणत्या वर्षी पास झालात? तो म्हणाला, झालोच नाही. परीक्षेत वायसर उलटा लागला म्हणून सरांनी नापास केलं होतं. मग घरी शेतीचं आलं, पुन्हा बसायचं राहून गेलं. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. सरांचं बरोबरच होतं, म्हणाला, त्यानंतर एकही वायसर उलटा लागला नाही.

मग ह्यांनी त्याला विचारलं, एक दिवस माझ्या वर्गात येऊन पोरांना हेच करून दाखवशील का? बावीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कुणाला अशी विनंती केलेली मी ऐकली नव्हती.

दिलीपनं कप खाली ठेवला.

"येतो नं सर. पन पयले मले पास तं करा."