दुधाचा असला म्हणून काय झालं

"दुधाचाच दात आहे, पडणारच होता." हे वाक्य ज्यानं शोधून काढलं तो एकदा मला भेटायला हवा. माझ्या मुलीच्या तोंडातून रक्त येत होतं तेव्हा मी ते ऐकलं, दवाखान्यातल्या खुर्चीशेजारी उभं राहून ऐकलं, आणि लिफ्टमध्ये शेजारणीकडून तमिळमध्येही ऐकलं. पडणार होता, कबूल. पण चांगली शाळेत जायला लागल्यावर, त्याच्या वेळेनं. अडीच वर्षांच्या पोरीच्या तोंडातून तो आत्ताच काढायची घाई यांना का?

मी मूळची साताऱ्याची. सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले, चेन्नईत आले आणि इथल्याच एका तंजावरी मराठी घरात लग्न करून राहिले. सासूबाईंना घरात सगळे अम्मा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं आणि मध्ये मध्ये तमिळ. माझं बोलणं त्यांना भांडल्यासारखं वाटतं. खोटं कशाला बोलू, पुष्कळदा ते तसं असतंही.

वेस्ट मांबलममधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये साखळ्यांना टांगलेला मोठा लाकडी झोपाळा आहे. इकडे त्याला ऊंजल म्हणतात. अम्मांचा सगळा दिवस त्यावर जातो. एका रविवारी त्या फोन घ्यायला उठल्या, रिकामा झोपाळा हलत राहिला, आणि चेंडूमागे धावणाऱ्या माझ्या मुलीच्या तोंडावर त्याची कड बसली. ओठ फुटला. मी ओला रुमाल दाबून धरला, आणि रक्त थांबल्यावर बघते तर वरचा पुढचा एक दात गायब.

मग सुरू झाली शोधाशोध. सोफा सरकवला, पायपुसणं झटकलं, नवरा मोबाईलचा उजेड पाडत फरशीवर पालथा. शोधायचं कारण असं की पडलेला दात शेणात लपेटून छपरावर फेकायचा, म्हणजे नवा चांगला येतो, ही यांच्याकडची रीत. आमच्याकडेही कौलांवर फेकायचे, त्यामुळे मीही दोन्ही गुडघे टेकून शोधत होते. दात काही मिळाला नाही. "पोरीनं गिळला गे," अम्मांनी निकाल दिला.

मी मुलीला झोपवत असताना त्या देवळाजवळच्या गाईचं शेण घेऊन आल्या. दात नाही तर नाही, त्याच्या जागी तांदळाचा एक दाणा घातला, गच्चीवर गेल्या आणि जिन्याच्या छपरावर भिरकावून आल्या. दाताचा निरोप झाला. हात धुऊन म्हणाल्या, "आता काळजी नाही." पण मघाशी रक्त पुसताना हिरडीत बोटाला काहीतरी कडक लागलं होतं, ते माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात गेलो. नवरा गिंडीहून, कारखान्यातून अर्धी रजा टाकून आला होता. एक्स-रे काढला, आणि त्यात दात होता. अख्खाच्या अख्खा. मार बसून हिरडीत वर घुसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही सोफ्याखाली शोधत होतो, आणि अम्मा तर जिवंत दाताचे दिवस घालून मोकळ्या झाल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "दुधाचाच आहे, काढून टाकू. पाच मिनिटांचं काम." मी विचारलं, का काढायचा? "म्हणजे काळजी मिटली." कुणाची, ते सांगितलं नाही. नाही काढला तर काय होईल? वर हिरडीत तयार होत असलेल्या कायमच्या दाताला धक्का लागलाय का? तोवर त्यांनी हातमोजे चढवलेसुद्धा होते. नवऱ्यानं घरी फोन लावला. अम्मांनी तिकडून सांगितलं, काढा. एकदा निरोप दिलेला दात तोंडात ठेवू नये, नवा धड येत नाही.

नवरा मला म्हणाला, "डॉक्टरही तेच म्हणतायत, अम्माही तेच म्हणतेय."

"आणि मी इथे हवा खायला आलेय का?" मी म्हटलं. मुलीला उचललं आणि तिच्या गळ्यात दवाखान्याचा कागदी रुमाल तसाच ठेवून रस्त्यावर आले. डोक्यात अशी तिडीक गेली होती की रिक्षात बसेपर्यंत तो रुमाल काढायचंही सुचलं नाही.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीनं फक्त लहान मुलांचे दात बघणाऱ्या एका बाईंचं नाव दिलं. या बाईंची तपासायची रीत मला पहिल्यांदा विचित्र वाटली. खुर्ची नाहीच. त्या आणि मी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसलो. मुलगी माझ्या मांडीवर, डोकं मात्र त्यांच्या मांडीत. ती रडली, पण माझा चेहरा बघत रडली. बाईंनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाल्या, मूळ ओठाच्या बाजूला सरकलंय, वरच्या दातापासून लांब. असा दात बहुतेक वेळा आपणहून खाली येतो. काही महिने लागतील. मऊ खायला द्या, मऊ ब्रशनं घासा, बाटली बंद. हिरडी सुजली, पू दिसला, ताप आला तर लगेच या, मग काढावा लागेल.

"आणि वरचा दात?" मी विचारलं.

"मार लागताना त्याला काय व्हायचं ते होऊन गेलं असेल. कदाचित डाग घेऊन येईल. ते आज सांगता येत नाही."

'सांगता येत नाही' असं तरी म्हणाल्या. मला तेवढंच हवं होतं.

मग वाट बघणं. रोज सकाळी ब्रश झाला की मी टॉर्च घेऊन तिचा ओठ वर करायची. काही नाही. रोज काही नाही. मला भीती वाटायची, साफ सांगते. पू झाला असता तर या घरात सगळ्यांनी एकच बोट माझ्याकडे केलं असतं आणि ते चूकही नसतं. नवरा म्हणाला, एवढा हट्ट कशासाठी. मी म्हटलं, तुझा दात असता तर विचारलं असतंस का?

अम्मा आता झोपाळ्यावर माझ्याकडे पाठ करून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "दिलेलं परत घेतलं तर लाभत नाही गे."

"तुम्ही तांदूळ दिलात अम्मा. दात दिलाच नव्हता."

"म्हणजे मी देवाला फसवलं?"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्यात फक्त कुकरच्या शिट्ट्यांबद्दल बोलणं झालं.

एका दुपारी घरून काम करत होते. अम्मा मुलीला दहीभात भरवत होत्या आणि एकदम ओरडल्या. मी हेडफोन टाकून धावले. पोरीनं त्यांचं बोट चावलं होतं. रागावायचं सोडून अम्मा तिचा ओठ वर करून बघत होत्या. हिरडीतून पांढरी कड डोकावत होती, तांदळाच्या कणीएवढी. "ये गे, बघ," त्या म्हणाल्या. माफी त्यांनी मागितली नाही आणि मी मागायला लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च त्यांच्या हातात होता.

दात पुरता खाली आला. थोडा वाकडा, आणि पुढे राखाडी पडला. बाई म्हणाल्या, पू नाही, सूज नाही, रंगाला काय करायचंय. लोकांना मात्र रंगाचंच पडलेलं. लिफ्टमधली शेजारीण परत म्हणालीच, दुधाचाच तर आहे, काढून टाका, बरं दिसत नाही. मी तोंड उघडायच्या आत अम्मा तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमच्या तोंडात आहे का तो?"

गेल्या महिन्यात तो पडला. मुलगी आता पहिलीत आहे. आधी हलला, मग पेरू खाताना हातात आला, अगदी शहाण्यासारखा. अम्मा तडक शेण घेऊन आल्या आणि गच्चीच्या जिन्याजवळ उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "टाकू का?" मी मात्र केव्हापासून एक चांदीची कुंकवाची डबी रिकामी करून ठेवली होती. या दातासाठी मी भांडले होते, तो मला हवा होता. त्यांचा हात पुढे, माझाही पुढे.

मुलीनं आमच्या दोघींकडे बघितलं आणि मूठ मिटली.

"माझा आहे तो," ती म्हणाली, आणि आम्हाला नीट कळावं म्हणून तेच तमिळमध्येही सांगितलं. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

अम्मांच्या हातात शेण, माझ्या हातात डबी. "तुझ्यावर गेलीय गे," अम्मा म्हणाल्या.

"आपल्यावर," मी म्हटलं.