आखाजीचा मुराळी

"काम ऱ्हायनं शे, मरनं नई!" असं बजावून मावशी मोबाईलच्या कॅलेंडरमधलं कालचं काम अंगठ्यानं आजवर ओढायच्या. गुडघा दाखवणे, गॅसची नळी, आधारकार्डावरचं नाव. पुसायच्या मात्र एकही नाहीत.

गोडादऱ्यातल्या साडीच्या कारखान्यात त्या लेस लावायच्या, मी शेजारच्या टेबलावर घड्या घालायचो. त्यांचा फोन सारखा किणकिणायचा. शेठ गुजरातीत वैतागायचे, "मासी, आ बंध करो ने!" मावशी मान वर न करता विचारायच्या, "शेठ, फोन बंद करू की मशीन?" शेठ परत केबिनमध्ये. मला तर उकळ्या फुटायच्या.

एक काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं: 'आखाजी. पोर आणणे.' तुम्हांला ठाऊक असेल, आम्हां खानदेशी लोकांत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झोके घेते. पण तिला आणायला मुराळी जावा लागतो, भाऊ नाहीतर काका. मावशींना मुलगा नाही, नवरा वारलेला. दीर दर वर्षी काहीतरी सबब काढायचा आणि सासरचे मुराळ्यावाचून सुनेला पाठवत नसत. लग्नानंतर पोर एकदाही माहेरी आली नव्हती. मला अजूनही संताप येतो.

शेवटी मावशींनी त्या कामापुढे 'दरवर्षी' दाबून ठेवलं. आता फोनला तिथी काय कळणार! पुढल्या वर्षी आखाजी आली मे महिन्यात आणि फोन वाजला एप्रिलातच. सगळा कारखाना हसला.

"मावशी, तारीख चुकली. बदलून देऊ?" मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. दीरले अजून सबब सुचनी नई, पन यंदा त्याले इचारतच नई. आते मीच जास पोरले लेवाले."

"बाई कधी मुराळी जाते का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"आते जाई!" म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

मावशी कारखान्यात परत आल्या नाहीत, गावीच राहिल्या. त्यांच्या मशीनवर आता दुसरी बाई बसते. आखाजीच्या दिवशी गावाहून त्यांचा फोन आला, तेवढाच.

"पोरनी सासू दारमाच आडवी झायी. म्हने, तुमना घरमा मानूस शे का नई?"

"मग?"

"सांगी दिन्हं, मी शे ना!"

"आणि पोरीला परत कधी पाठवणार?"

"ती म्हनी तव्हय!"

मागे झोक्याची कडी करकरत होती आणि कोणीतरी ओरडत होतं, "माय, जोरमा झोका दे!"